दाढ आणि जासूद

ज्या पोलादपूर तालुक्यात, उमरठ गावी, नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, त्या तालुक्याचा रहिवासी महाडला दंतवैद्याच्या खुर्चीत बसला की त्याच्या वंशपरंपरागत शौर्याचे काय होते, याविषयी आमच्या इतिहाससंशोधकांनी बाळगलेले मौन मला सहेतुक वाटते. परतीचे दोर कापल्याची कथा आम्हांस तोंडपाठ. पण दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी परतीच्या एस.टी.ची वेळ आम्ही विचारून ठेवतो.

वास्तविक दंतवैद्याच्या भुलीच्या सुईत भिण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. लागलीच अमेरिकेत हॉल्स्टेड या शल्यविशारदाने तेच द्रव्य जबड्याच्या मज्जातंतूपाशी टोचले आणि स्वतःवर प्रयोग करता करता तो त्या द्रव्याचा बंदा होऊन बसला. आपल्या वाट्याला सुदैवाने लिग्नोकेन आले, जे स्वीडनच्या लोफग्रेन व लुंडक्विस्ट यांनी १९४३ साली सिद्ध केले. हे औषध वेदना नाहीशी करत नाही, ही त्यातली खरी मौज! दाढेच्या कचेरीत फिर्याद रीतसर लिहिली जाते, जासूद खलिता घेऊन निघतो. परंतु मज्जातंतूच्या नाक्यावर सोडियमच्या कणांना आत शिरण्याची मनाई झालेली असल्याने खलिता मेंदूच्या दरबारी पोचत नाही, आणि सरकारस्वारी स्वस्थ राहते. सोबतचे ॲड्रिनलीन आसपासच्या रक्तवाहिन्या आवळून औषधाला जागच्या जागी तैनात ठेवते. छातीत धडधडते तेही बहुधा त्यानेच, पण आळ येतो तो दंतवैद्यावर.

दाढ निघाली, आणि अर्धा ओठ व जीभ जड झालेल्या अवस्थेत मी महाडच्या स्थानकात “फोलादफूर” असे तिकीट मागितले, तेव्हा कंडक्टरने मला आपादमस्तक न्याहाळले आणि भर दुपारी काय घेतले असेल याचा मनाशी निवाडा करून म्हटले, “काका, खिडकीशी बसा.”

आमच्याकडची रीत अशी की आधी लवंगेचे तेल (त्यालाही बधिर करण्याचा अल्पसा गुण आहेच), मग शेजाऱ्यांचा सल्ला, आणि गाल डोळा झाकू लागला म्हणजे महाड. परंतु सुजून पू धरलेल्या जागी आम्लता वाढते व भूल नीट चढत नाही. म्हणजे सुईच्या भयाने ज्याने दाढेचा मुकदमा तहकूब ठेवला, त्याच्याच नशिबी अधिक सुया. तेव्हा वाचकांस विनंती इतकीच की दाढ ठणकताच महाड गाठावे, भूल उतरेपर्यंत गरम चहा घेऊ नये, गाल चावू नये, आणि उतरण्याच्या गावाचे नाव आधीच कागदावर लिहून खिशात ठेवावे.