डेडलाइनचे जावई

दिवाळी अंक काढणाऱ्या प्रत्येक संपादकाच्या नशिबी एक तरी लेखकराव असतातच. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हाही कुणीतरी असणारच, याबद्दल माझी खात्री आहे. मे महिन्यात निमंत्रण गेलं की सगळ्यांआधी यांचा होकार येतो. जुलैअखेर मागितलेला लेख श्रावणात ‘डोक्यात तयार’ असतो, गणपतीत ‘फक्त उतरवायचा’ असतो आणि पितृपक्षात ‘शेवटचा परिच्छेद तेवढा’ राहिलेला असतो. या पंधरवड्यात नवं काही हातावेगळं करू नये, हे वर तेच ऐकवतात.

उशीर झाला की माणसं ओशाळतात. लेखकरावांना मात्र व्यासंगाचं स्फुरण चढतं. “डेडलाइन, डेडलाइन करताय, पण हा शब्द आला कुठून, ठाऊक आहे?” असं त्यांनी फोनवर विचारलं की संपादकाने खुर्ची ओढून बसावं.

कारण मग अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होतं. साल १८६४, जॉर्जियातली अँडरसनव्हिलची छावणी. दक्षिणेने उत्तरेचे युद्धकैदी तिथे डांबलेले. उंच लाकडी तटाच्या आत, साधारण एकोणीस फुटांवर, बुटक्या खांबांवर फळ्या ठोकून केलेलं कुंपण. तीच डेडलाइन. ओलांडली की मचाणावरचा पहारेकरी गोळी घालणार. छावणीत सुमारे १३,००० कैदी मेले, त्यातले बहुतेक भुकेने आणि रोगाने. छावणीचा अधिकारी हेन्री विर्झ याला १८६५ च्या नोव्हेंबरात फाशी झाली. हे सांगताना लेखकरावांचा आवाज खरोखरच जड होतो आणि संपादकालाही लेखाचं काढणं जिवावर येतं.

“तिथे निदान गोळी घालायचे हो. तुम्ही नुसते फोन करता.”

पुढे तो शब्द अमेरिकेतल्या छापखान्यांत शिरला. यंत्राच्या पाट्यावर एक रेघ असे, तिच्यापलीकडचा मजकूर धड उमटत नसे. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला घड्याळ जोडलं ते त्यानंतर, १९२० च्या आसपास. इथे लेखकराव हुकमाचं पान टाकतात. “म्हणजे मुळात ही रेघ जागेची. वेळेचा संबंधच नाही! आणि जागा तर तुम्ही माझ्यासाठी राखलीच आहे.”

राखलेली असतेच. जाहिरातीत नाव छापून झालेलं, चित्रकाराने नुसत्या विषयावरून रेखाटनं करून दिलेली आणि सोळा पानांचा फर्मा सहा कोऱ्या पानांपायी खोळंबलेला. एवढ्या चिकाटीने जुलैतच बसले असते तर यांचा ग्रंथ झाला असता.

अखेर घटस्थापनेच्या मध्यरात्री व्हॉट्सअॅपवर हस्तलिखिताचे फोटो येतात. तिसरं पान उलटं, पाचव्याच्या कोपऱ्यात लेखकरावांचा अंगठा, त्याखाली निदान चार शब्द गडप. संपादक दात-ओठ खात वाचायला बसतो आणि लेख उत्तम निघतो. खरी पंचाईत इथेच आहे. वाईट असता तर पुढच्या मे महिन्यात पत्र गेलं नसतं.

तेव्हा वाचकहो, यंदा अंक चाळताना एखाद्या सुरेख लेखाच्या शेवटच्या दोन पानांत ऱ्हस्व-दीर्घाचा धुमाकूळ दिसला, तर मुद्रितशोधकाला नावं ठेवू नका. त्याला ती पानं पहाटे तीनला मिळाली होती.