डिटो म्हणजे री ओढणं

मिसुरी, ओहायो, इंडियाना; अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात कुठंही हा गृहस्थ सापडतो. वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. डोक्यावर बेसबॉलची टोपी, दाराशी पिकअप ट्रक आणि ट्रकमधला रेडिओ कायमचा एएमवर लावलेला. जगातल्या कुठल्याही विषयावर त्याला स्वतःचं ठाम मत असतं. फक्त मिसुरीत असाल तर ते सकाळी अकराच्या आत विचारू नये. तोवर ते यायचं असतं.

ते येत असे रेडिओ निवेदक रश लिंबॉच्या तोंडून. (आडनावातच लिंबू, विरोधकांचे दात नुसत्या नावाने आंबत.) 1 ऑगस्ट 1988 ला न्यूयॉर्कहून लिंबॉचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये बारा वाजले की मिसुरीत अकरा, आणि तिथून पुढे तीन तास. पाहुणे जवळजवळ नाहीतच. एक माणूस, एक माइक आणि डेमोक्रॅट, पत्रकार, प्राध्यापक, पर्यावरणवाले, स्त्रीवादी या सगळ्यांची भरपेट हजेरी. आपली प्रतिभा देवाकडून उसनी आणलेली आहे, असं लिंबॉ स्वतःच वारंवार सांगे. आपल्या गृहस्थाला त्यात बढाई दिसत नसे. उसनं आहे हे कबूल करतोय, म्हणजे माणूस प्रामाणिकच की!

कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. बुवा पद उचलतात, टाळकरी री ओढतात. या अमेरिकन टाळकऱ्यांना नाव पडलं ‘डिटोहेड’. त्याची जन्मकथा अशी की, फोन करणारा प्रत्येक जण आधी कार्यक्रमाची तोंड भरून स्तुती करी आणि मग मुद्द्यावर येई. एकाने वेळ वाचवला. आधीच्याने जे म्हटलं तेच माझं, डिटो, म्हणाला आणि पुढे सरकला. म्हणजे मूळ ‘डिटो’ स्तुतीपुरता होता, मतांचा नव्हे. हा बारकावा गृहस्थ प्रत्येकाला तावातावाने समजावून सांगतो. तोही लिंबॉनेच समजावलेला असतो.

सुरुवातीच्या वर्षांत काही हॉटेलांनी ‘रश रूम’ काढल्या होत्या. दुपारच्या जेवणाला बसायचं, स्पीकरवर कार्यक्रम चालू आणि सगळ्यांनी एकाच वाक्याला हसायचं. आपण अल्पमतात आहोत, आपला आवाज कुणी ऐकत नाही, अशी तक्रार खच्चून भरलेल्या त्या खोलीत ऐकू येई.

पण गृहस्थाच्या आयुष्यातला खरा सोहळा म्हणजे फोन लागणं. आधी तासभर एंगेज टोन. मग पलीकडून स्क्रीनर विचारतो, काय बोलणार? फोन करणाऱ्याचं मुख्य काम म्हणजे निवेदकाला चमकवणं, हे लिंबॉने कधी लपवलं नव्हतं. त्यामुळे रटाळ समर्थकापेक्षा चटपटीत विरोधक आधी आत जाई. आपला गृहस्थ रटाळ समर्थक. तो ताटकळत राहतो, सँडविच गार होतं, बायको खुणेने ‘अजून?’ विचारते. अखेर नाव पुकारलं जातं. गेली कित्येक वर्षं ऐकतोय, फोन मात्र पहिल्यांदाच, हे सांगून होतं. डिटो होतं. एवढ्यात रेडिओ बंद करा म्हणून सूचना येते, कारण प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं आणि खोलीतल्या रेडिओतून त्याचंच वाक्य मागाहून त्याला ऐकू येतं. तो गोंधळतो, थबकतो आणि स्वतःच्याच आवाजाला मान डोलावतो. मुद्दा तोंडात येईस्तोवर लिंबॉने तो हातात घेतलेला असतो, सुधारून सांगितलेला असतो, आणि जाहिराती लागतात. फोन ठेवताना तो कृतार्थ असतो. आपण काय बोललो हे त्याला संध्याकाळपर्यंत आठवत नाही, पण बोललो हे आठवतं.

त्याला टोपीवाला खुळा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, आणि किनाऱ्यावरच्या शहरांतली पुष्कळ शहाणी माणसं तेच करत आली. पण गावातला कारखाना बंद पडलेला, मुलं शिकागोला गेलेली, आणि टीव्हीवर आपल्यासारखा माणूस दिसला तर तो विनोदाचाच विषय. अशा माणसाला रोज तीन तास कुणीतरी सोबत बसून हसवत होतं. त्याच्यावर नव्हे, त्याच्याबरोबर. ही सोबत किती घट्ट होती ते 1993 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला दिसलं. एका श्रोत्याला लिंबॉच्या मासिक पत्राची तीसेक डॉलर वर्गणी परवडेना. फुकट मागू नकोस, केक-बिस्किटं विकून कमव, असं लिंबॉने सुचवलं. त्या विक्रीला दूरदूरच्या राज्यांतून हजारो माणसं लोटली. तीस डॉलरसाठी किती पेट्रोल जळलं, याचा हिशेब कुणी केला नाही. पुढच्याच वर्षी, चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांच्या हाती आलं, तेव्हा नव्या सदस्यांनी लिंबॉला आपल्या तुकडीचा मानद सदस्य करून घेतलं. 2008 मध्ये आठ वर्षांचा सुमारे 40 कोटी डॉलरचा करार झाला. श्रीमंत ‘एलिट’ लोकांवर बोटं मोडणाऱ्या गृहस्थाला यात काही विसंगत वाटलं नाही. फ्लोरिडातल्या पाम बीचला राहत असला तरी लिंबॉ ‘आपल्यातलाच’.

आपल्याकडे हा माणूस रेडिओने घडवला नाही, कारण भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. (आपण त्याची हौस टीव्ही आणि व्हॉट्सअॅपवर भागवतो.) अमेरिकेतही तो एका नियमाच्या मरणातून जन्मला. वादाच्या विषयावर दुसरी बाजूही ऐकवा, असं केंद्रांना बजावणारी 1949 ची ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ ऑगस्ट 1987 मध्ये रद्द झाली. गाणी आधीच सुस्पष्ट आवाजाच्या एफएमकडे गेली होती. खरखरत्या एएमकडे उरलं बोलणं, आणि आता ते एकाच बाजूचं असलं तरी चालणार होतं. त्यामुळे सरकारने धंद्यात नाक खुपसू नये, हे गृहस्थाचं पहिलं तत्त्व.

लिंबॉने सिगारेटच्या धोक्यांची वर्षानुवर्षं टिंगल केली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याने आपल्याला फुफ्फुसाचा कर्करोग झाल्याचं सांगितलं, आणि 17 फेब्रुवारी 2021 ला तो गेला. त्यानंतरही काही महिने दुपारी त्याच वेळेला त्याच्याच जुन्या ध्वनिफिती वाजत राहिल्या. मग दोन नवे निवेदक आले. गृहस्थ त्यांनाही ऐकतो. दोघे मिळून एकाचं काम करतात, एवढंच बोलतो.

त्याची खरी झोप उडाली ती नंतर. विजेच्या मोटारींत एएमची खरखर वाढते, म्हणून कंपन्या एएम काढून टाकू लागल्या. फोर्डने तसं ठरवलं आणि मे 2023 मध्ये ओरड झाल्यावर माघार घेतली. त्याच महिन्यात प्रत्येक नव्या गाडीत एएम सक्तीचं करणारं विधेयक अमेरिकन संसदेत आलं. पुढाकार घेणाऱ्यांत टेक्सासचे कट्टर कंझर्व्हेटिव्ह टेड क्रूझ, आणि त्यांच्या शेजारी मॅसॅच्युसेट्सचे उदारमतवादी एड मार्की. सरकारने कंपन्यांना असं काही फर्मावू नये म्हणून सिनेटमध्ये आडवे आले ते रिपब्लिकन रँड पॉल. आपल्या गृहस्थाने क्षणभर विचार केला, आपल्या पहिल्या तत्त्वाकडे पाहिलं आणि सक्तीच्या बाजूने आपल्या सिनेटरला फोन लावला. लाइन एंगेज होती.