मुदत संपलेल्यांची छावणी

मोबाइलमधून काढून टाकलेले चित्र मोबाइलमधून जात नाही, हा शोध देवळाली कॅम्पात आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिरस्तेदारांना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लागला. आणि ज्या गृहस्थांनी उभ्या हयातीत हजारो अर्जांवर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारून ते असे निकालात काढले की पुढे अर्जदारालाच काय, पण उंदरांनाही त्यांचा माग लागू नये, त्या गृहस्थांना आपल्याच तळहातावरील यंत्राने दिलेला हा शह सहन होण्यासारखा नव्हता. जागा अपुरी असल्याची सूचना मिळताच त्यांनी वामकुक्षीचा त्याग केला, सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, गॅलरीत ठाण मांडून बसलेले गुलाब, समया, सूर्योदय आणि सुविचार एकामागून एक वेचून काढले व सर्वांची एकत्र हकालपट्टी केली. यंत्राने क्षणभर विचार केल्यासारखे दाखवले आणि जागा अपुरी असल्याची तीच सूचना, काना-मात्रेचाही फरक न करता, पुनश्च सादर केली.

"आजोबा, ते सगळं बिनमध्ये गेलंय," नातीने खुलासा केला. "तीस दिवस तिथं राहणार, मग आपोआप जाणार."

"आणि तोवर जागा?"

"जागा तोवर तेच धरून बसणार."

"म्हणजे काढलं, पण गेलं नाही."

"हो."

"मग काढलं कशाला म्हणायचं?"

तीस दिवस! जे यंत्र मालकाचा चेहरा पापणी लवण्याच्या आत ओळखते, जे भगूरच्या बाजारातील कोथिंबिरीची जुडी निमिषार्धात अमेरिकेतील सुनेला दाखवते, त्याच यंत्राला एक गुलाब विसरण्यासाठी पुरा महिना लागतो. गॅलरीतून हाकललेल्या चित्राला तीस दिवस, ई-मेलच्या कचऱ्यात लोटलेल्या पत्राला तीस दिवस, कोणी न बोलावता आलेल्या स्पॅमलाही तीस दिवस. आणि ज्या चित्राने आधीच क्लाउडवर आपली नोंद करून ठेवली असेल त्याला काही ठिकाणी चक्क साठ, कारण वशिल्याचे महत्त्व यंत्रांनाही कळून चुकले आहे. महिन्याची नोटीस हा प्रकार आम्हांस अपरिचित नाही. परंतु आजवर नोटीस मिळालेला इसम निदान मुदतीच्या अखेरीस काय करावे या विवंचनेत असे, आणि नोटीस देणारा मालक सुखाने झोपे. येथे गुलाब निश्चिंत पडून आहे आणि मालक स्वतःच्या ओसरीवर ताटकळत उभा आहे.

ज्याच्यासाठी ही मुदत राखून ठेवली आहे तो ऐवज तरी काय आहे, हे पाहावे म्हणून आम्ही त्या ढिगातील एक चित्र मोठे करून न्याहाळले. मध्यभागी तांबडा गुलाब, त्याच्या पाकळ्यांवर दव इतके की फूल नुकतेच बादलीतून काढल्याचा भास व्हावा; शेजारी वाफाळणारा कप, कपावर बदामाची आकृती; डाव्या कोपऱ्यात गणपती, उजव्या कोपऱ्यात उगवता सूर्य; आणि या सर्वांच्या छाताडावर माणसाने प्रतिकूल काळात कसे वागावे याविषयीचा एक सुविचार, ज्यातील 'परिस्थिती' या शब्दाच्या तिन्ही वेलांट्या चुकलेल्या. खाली शुभेच्छुकाचे नाव आणि त्याच्याखाली त्याचा खरा हेतू: प्लॉट व फ्लॅट खरेदी-विक्री. हे एकच चित्र शिरस्तेदारांकडे तीन निरनिराळ्या ग्रुपांतून आले होते, आणि त्यांनी ते कर्तव्यबुद्धीने पुढे धाडल्यामुळे व्हॉट्सॲपच्या पाठवलेल्या चित्रांच्या कप्प्यात त्याची आणखी एक प्रत निघाली होती. म्हणजे एकाच सकाळी चार सूर्य उगवले होते व चारही मावळावयास तयार नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये परदेशी वृत्तपत्रांनी मोठ्या कौतुकाने छापले होते की अमेरिकेत दहा फोनधारकांमागे एकाचा फोन रोज भरून वाहतो तर हिंदुस्थानात तिघांमागे एकाचा, आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणजे आमच्या या प्रातःकालीन सदिच्छा. त्या वृत्तपत्रांना सकाळचा हिशेब तेवढा कळला. 'शुभ सकाळ' या शुभेच्छेचे आयुष्य फार तर दुपारच्या भोजनापर्यंतचे. ती दुपारी मरते, आणि मेल्यावर तिला आणखी तीस सकाळी बहाल होतात, ही बाब त्यांच्या ध्यानात आली नाही.

देवळालीकरांनी मात्र या प्रकाराचे आश्चर्य करू नये. कारण निरुपयोगी ठरलेल्यांना लागलीच न घालवता आपल्याच आवारात जागा अडवून बसू द्यावे, ही कल्पना कोणा संगणकतज्ज्ञाच्या डोक्यातून निघाली असे जग मानीत असले, तरी तिचा प्रयोग आमच्या गावी फार पूर्वीच होऊन गेलेला आहे. इंग्रजांनी १८६१ साली येथे लष्कराची छावणी थाटली. विलायतेहून आलेला गोरा शिपाई मुंबई बंदरात उतरला की येथे येई आणि हिंदुस्थानातील त्याची नोकरीची मुदत भरली की परतीच्या जहाजाची वाट पाहण्यासाठी पुन्हा येथेच येई. जहाजे सुटत ती थंडीच्या हंगामात, सामान्यतः ऑक्टोबर ते मार्च. त्यामुळे हंगामाचे शेवटचे जहाज निघून गेल्यावर ज्याची मुदत भरली, तो इसम नोकरीतून सुटलेला परंतु मुलखातून न सुटलेला, कामाचाही नव्हे आणि जाण्याचाही नव्हे, अशा त्रिशंकू अवस्थेत महिनोन् महिने बराकीत पडून राही. त्याचा शिधा चालू, त्याची खाट अडलेली, त्याचे नाव पटावर कायम. संपलेला असे तो केवळ त्याचा उपयोग. कंटाळ्याने अशा शिपायांची डोकी फिरत, आणि त्या फिरलेल्या डोक्यांच्या कृपेने आमच्या गावाला इंग्रजी शब्दकोशात वेडाच्या सदरी कायमचे स्थान मिळाले आहे. शिरस्तेदारांच्या फोनमधील बिन ही हुबेहूब हीच छावणी होय. तेथे वटपौर्णिमेचा वड, पोळ्याची बैलजोडी, आषाढीचा विठोबा, संक्रांतीचे तिळाचे लाडू आणि गतवर्षीच्या दिवाळीच्या पणत्या असे सर्व मुदत संपलेले शिपाई ओळीने पहुडलेले असून प्रत्येकाच्या कपाळी उरलेल्या दिवसांची पाटी लटकवलेली आहे. वडाला पाणी नको, बैलांना वैरण नको, विठोबाला नैवेद्य नको, पण जागा मात्र प्रत्येकाला सरकारी नियमाप्रमाणे तंतोतंत मिळालेली. इकडे ही जुनी पलटण हलत नाही तोच दुसऱ्या दिवशी पहाटे नव्या गुलाबांची ताजी पलटण दव झटकीत छावणीच्या फाटकाशी हजर. तिला खाट नाही, बराक नाही, तरीही ती आत शिरते. तोफांचा सराव सुरू झाला की कॅम्पातील घरांच्या तावदानांना कंप सुटतो, लॅम रोडवरची कुत्री दिशा सोडून पळतात, खंडोबाच्या टेकडीवरचे पक्षी उठतात. बिनमधला एकही गुलाब जागचा तसूभर ढळत नाही. गोऱ्या शिपायांची गोष्ट निदान न्यायाची तरी होती. तेथे जो पडून राही त्याला वेड लागे. येथे वेड लागण्याची पाळी छावणीच्या मालकावर आलेली आहे.

बरे, या पाहुणचाराचा खर्च कोणाच्या नावे पडतो? ई-मेलच्या कचऱ्यातील पत्रेही आपल्या १५ जीबीच्या फुकट कोट्यात मोजली जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोटा भरला की नवे पत्र येणे बंद होते. म्हणजे ज्या कागदांना आपण घराबाहेर काढले तेच उंबरठ्यावर आडवे पडून पोस्टमनला आत येऊ देत नाहीत. आणि त्याच वेळी, किती योगायोग पाहा, एक अदबशीर चिठ्ठी पडद्यावर झळकते: जागा कमी पडते आहे काय? महिन्याला अमुक रुपये द्या, अधिक जागा देतो. आमच्या रस्त्यावरचा रद्दीवाला तागडीत दांडी मारतो हे आम्ही जाणतो. पण तो आमचा कचरा उचलतो आणि वर आम्हांलाच पैसे मोजतो. या सभ्य रद्दीवाल्यांनी मात्र कचरा आमच्याच घरात ठेवला, त्याला तीस दिवसांचा मुक्काम आमच्याच संमतीविना मंजूर केला, आणि त्यामुळे घर अपुरे पडले म्हणून नव्या खोलीचे भाडे आमच्याचकडून, मासिक हप्त्याने, वसूल करण्याचा बेत आखला. पेंढारी मुलूख लुटीत ते घोड्यावर बसून आणि दिवसाढवळ्या. लुटून झाल्यावर आपल्या सेवेबद्दल पाचपैकी किती तारे द्याल, असे त्यांनी रयतेला कधी विचारले नाही.

तरीही महिना नोव्हेंबरचा नसता तर हे सारे विनोदावारी नेता आले असते. पेन्शनराने प्रतिवर्षी १ ते ३० नोव्हेंबर या मुदतीत आपण जिवंत असल्याचा दाखला सादर करावयाचा असतो. न केल्यास पेन्शन थांबते. हा हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला आणि २०२१ पासून तर मोबाइलपुढे नुसता चेहरा धरून घरबसल्या देता येऊ लागला. वृद्धांची रांगेतील पायपीट वाचावी हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप घ्यावी लागतात, आणि शिरस्तेदारांच्या फोनमध्ये दोन ॲपांना जागा नाही. आता गणित पाहा. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हाकललेला गुलाब जागा सोडणार डिसेंबरच्या पहिल्या तारखेला, म्हणजे शिरस्तेदारांची जिवंत असण्याची मुदत संपल्याच्या नेमक्या दुसऱ्या दिवशी. मेलेल्या शुभेच्छेला जितके दिवस, तितकेच जित्या माणसाला. आणि दोघांत जागेवरून तंटा लागला तर ताबा शुभेच्छेचा! ऐंशी पूर्ण केलेल्या पेन्शनरांना दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो, अशी अधिक सवलत आहे खरी. परंतु तिचा लाभ घेण्यासाठी शिरस्तेदारांना आणखी दोन वर्षे जगावे लागेल, आणि जगत असल्याचे तेवढ्या काळात दोनदा शाबीत करावे लागेल.

यावर कोणी शहाणा म्हणेल की बिन ताबडतोब रिकामी करण्याचे बटण असते. असते तर. नातीने ते शोधून काढले, शिरस्तेदारांनी बोट पुढे केले, आणि यंत्राने अखेरचा प्रश्न विचारला: कायमचे हटवायचे? ही कृती मागे घेता येणार नाही. शिरस्तेदारांचे बोट अधांतरी थांबले. ज्या कचेरीत त्यांची हयात गेली तेथे मागे घेता येणार नाही असा हुकूम खालच्यांनी कधी काढला नाही आणि वरच्यांनी कधी काढू दिला नाही. कागद 'आदेशार्थ सादर' होत, आणि सादर झालेले कागद हीच त्या कचेरीची बिन होती.

"एकदा बघून घेऊ," ते म्हणाले.

बघताना प्रथम विठोबा निघाला. विठोबाला कायमचे हटवायचे? निर्माल्य झाले तर दारणेत सोडता येते. यांना सोडायचे कोठे? विठोबा परत घेतला. त्यामागोमाग बैल, कारण नंदी झाला तरी देवच. मग तो गुलाब. त्याच्या डाव्या कोपऱ्यात गणपती. दुसऱ्या गुलाबाच्या कोपऱ्यात दत्त, तिसऱ्याच्या खाली गुरुमाउलींच्या पादुका. ज्यांनी ही चित्रे घडवली ते प्लॉटचे दलाल आम्हांला वाटले होते त्याहून फार धूर्त असले पाहिजेत. प्रत्येक गुलाबाच्या उशाशी एक देव पहाऱ्याला बसवून त्यांनी आपल्या टेलिफोन नंबराला अमरत्व मिळवून दिले आहे. अर्ध्या तासात अवघी छावणी गॅलरीत सन्मानाने परत आली आणि शिरस्तेदारांनी रिक्षा बोलावून नाशिकरोडला जाऊन, रांगेत उभे राहून, प्रत्यक्ष देहाने आपल्या हयातीची खात्री पटवून द्यावी असे ठरले. तेथील खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की दाखला आता घरबसल्या मोबाइलवर देता येतो, तरी त्यांनी तसे करावे.

तेव्हा ज्या कोणाच्या अखत्यारीत ही बाब येत असेल त्यांच्याकडे आमची इतकीच दाद आहे की, टाकून दिलेल्या चित्राला ज्या सवलती उपलब्ध आहेत त्या जिवंत मनुष्यालाही लागू कराव्यात. चित्र टाकून दिले तरी ते आहे असे गृहीत धरले जाते. पेन्शनर घरात चहा पीत बसलेला असला तरी तो नाही असे गृहीत धरले जाते. चित्राला अर्ज लागत नाही, ठसा लागत नाही, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवावे लागत नाहीत; त्याचे दिवस यंत्र स्वतःहून मोजते आणि त्याची जागा यंत्र स्वतःहून राखते. आम्हां मुदत संपलेल्यांची या देशाने त्या बिनमध्ये रवानगी केली तरी आमची तक्रार राहणार नाही. तेथे निदान मेल्यानंतर महिनाभर कोणी हयातीचा दाखला मागत नाही.