लेथ बंद, कारागीर चालू
(घरच्या घरी चावीची खाच: नवशिक्यांसाठी)

केडगावात घरामागच्या शेडमध्ये ज्यांनी जुना लेथ मांडलाय आणि ज्यांच्या कडबाकुट्टीची पुली मोटरच्या शाफ्टवर नुसतीच गरगरते, त्यांच्यासाठी ही माहिती. मोटर दोन हॉर्सपॉवरची, शाफ्ट 24 मिलिमीटर, चावी 8 रुंद आणि 7 उंच. शाफ्टवरची खाच कंपनीने काढून दिलेली असते. पुलीच्या बोअरमधली 3.3 मिलिमीटर खोल खाच तेवढी आपल्या वाट्याला येते.

1. मुहूर्त. खंडेनवमीला यंत्र पुजायचं असतं, चालवायचं नसतं. त्या दिवशी रेणुकामातेला जाऊन या. एरवी कोणताही दिवस चालेल. ‘नागापूरच्या एमआयडीसीत स्लॉटिंग मशीनवर हे चुटकीसरशी होतं’ असं सांगणारा भेटेलच. त्याला चहा पाजा. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं, म्हणून वाद घालू नका.

2. टूल. एचएसएसचा तुकडा ग्राइंडरवर घासून धार नेमकी 8 मिलिमीटर करा. जास्त भरली तर चावी खुळखुळेल. किंचित कमी पडली तर कानस आहेच. टूल बोअरिंग बारमध्ये बसवा: धार उभी, तिचा मध्य लेथच्या सेंटरला. तो वरखाली झाला, तर खाच एका अंगाला सरकते.

3. लेथ बंद करा. आधी प्लग काढा. मग बुल गिअरची पिन जागेवर ठेवूनच बॅक गिअर गुंतवा, म्हणजे स्पिंडल जाम होतो. इथून पुढे मोटर म्हणजे तुम्ही. वीज गेली तरी काम अडत नाही, त्यामुळे महावितरणच्या नावाने बसून राहण्याची सोयही उरत नाही.

4. शून्य धरा. बहुतेकजण इथेच फसतात. बोअर गोल, धार सपाट. त्यामुळे आधी धारेची दोन टोकं टेकतात आणि मध्ये 0.7 मिलिमीटर फट राहते. टोकं टेकताच शून्य धरलं, की खाच तेवढीच उथळ आणि चावी बाहेर. धारेचा मध्य टेकेल तेव्हाच शून्य.

5. रेटा. क्रॉस स्लाइडने 0.05 चा कट द्या, कॅरेजचं चाक फिरवून टूल आरपार न्या, धार मागे घ्या, परत या. बीड असल्याने तेल नको. असे साधारण ऐंशी फेरे. विसाव्या फेऱ्यापर्यंत छंद, पुढे व्यायाम, साठाव्यानंतर एमआयडीसीवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. घाईने 0.2 चा कट दिलात तर बार वाकतो, टूल उडतं आणि घासणं पहिल्यापासून.

6. मोजा. समोरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंत 27.3 मिलिमीटर. कॅलिपर खरं बोलतो, डोळा मन राखतो.

7. बसवा. कडांची बारीक धार कानशीने मोडा. चावी हलक्या ठोक्याने जायला हवी. घण उचललात तर बीडाची पुली तडकते.

8. गुप्तता. कुट्टी चालू झाली की शेजारी आपली पुली घेऊन येतो. शाफ्ट 30 चा असला तरी चावी 8 चीच, म्हणजे टूल तयारच आहे. ‘लाइट नाही’ म्हणून टाळता येत नाही. तिसरी पायरी त्याने कुंपणावरून पाहिलेली असते.