रस्त्यावरचा हौशी बँड : स्थापना, संचालन आणि पांगापांग

चौकात, पदपथावर किंवा समुद्राकाठी, कुणी बोलावलेले नसताना जो वाद्यवृंद वाजवू लागतो आणि पुढ्यात गिटारची पेटी उघडी ठेवतो, त्याला रस्त्यावरचा हौशी बँड म्हणतात. लग्नाचा बँड याहून वेगळा. त्याला विसार मिळालेला असतो आणि गणवेश असतो. भजनी मंडळही वेगळे. तिथून मध्येच उठणाऱ्याला आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. हौशी बँडचा श्रोता या दोन्ही पाशांतून मोकळा असल्यामुळे तो चालत असतो. या बँडचे सगळे शास्त्र, असलेच तर, त्याला थांबवण्याचे शास्त्र आहे.

स्थापना बहुधा गच्चीवर होते. सभासद किमान चार लागतात : गिटार येणारा, गिटार येते असे वाटणारा, एक गाणारी आणि ज्याच्या घरी चारचाकी आहे तो. चौथ्याला तालवाद्य द्यावे. त्यासाठी काहोन उत्तम. पेरूमध्ये गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांनी मालाची खोकी बडवत या वाद्याला जन्म दिला, आणि आजही ते खोकेच आहे. वाजवणारा त्यावरच बसतो. म्हणजे खुर्ची वाचते आणि प्रसंग आल्यास आसन व वाद्य एकाच खेपेत उचलून पळता येते. सोबत हार्मोनियम घ्यावी की नाही याबद्दल दोन मते आहेत. हार्मोनियमचे सूर कारखान्यात ठरलेले असतात. गिटारचे तसे नाही. तारांना ऊन लागले की त्या सैलावून सूर उतरतो, आणि दमट हवेत लाकूड फुगले की तो चढतो. चौथ्या गाण्यापर्यंत हार्मोनियम जागेवर, गिटार थोडी खाली आणि गाणारी दोघांच्या मध्ये अशी परिस्थिती येते. सभासद तिला फ्यूजन म्हणतात.

नाव ठरवण्याला सरावापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो दिला जातोच. नावात ‘नाद’, ‘स्वर’ किंवा ‘प्रोजेक्ट’ यांपैकी एक शब्द यावा. तिन्ही आले तर बँड पुण्याचा समजावा. नाव ठरले की टी-शर्ट छापतात, टी-शर्टच्या मापांवरून पहिले भांडण होते आणि त्यातून उरलेले सभासद सरावाला लागतात. सराव सोसायटीच्या सदनिकेत करायचा झाल्यास दुपारी दोन ते चार ही वेळ टाळावी. या वेळेत वरच्या मजल्यावरचे आजोबा झोपलेले असतात आणि सेक्रेटरी जागे असतात.

गाण्यांच्या निवडीत एकच कसोटी लावावी : चालत्या माणसाला पाचव्या पावलाआधी गाणे ओळखता आले पाहिजे. यात लांब आलाप बाद होतात, गिटारवरची मंद सुरुवात बाद होते, आणि सभासदांची स्वतःची रचनाही बाद होते. अर्थात, ती जवळ ठेवावीच. गर्दी फार झाली आणि पोलीस दिसू लागले की ती सुरू करावी. लाठीविना इतक्या लवकर जमाव पांगवणारे दुसरे साधन अजून सापडलेले नाही. फर्माइशींचा अभ्यास करण्याचे कारण नाही. २०१६ साली ‘सैराट’ आल्यापासून कोणत्याही रागातले, कोणत्याही भाषेतले, कितीही दुःखी गाणे संपले तरी मागच्या रांगेतून ‘झिंगाट’चीच मागणी येते. नाही म्हणण्यात अर्थ नसतो. ते वाजवायला शिकावे आणि शेवटी ठेवावे. तेवढ्यासाठी चार माणसे थांबतात.

जागा निवडण्यात खरी विद्या आहे. उघड्यावर ऐकणाऱ्याचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने पडतो. पाच पावलांवर गोड लागणारे गाणे वीस पावलांवर नुसती कुजबुज होते, आणि मध्ये एक बस उभी राहिली तर तीही उरत नाही. म्हणून पाठीशी भिंत घ्यावी. ती मागे गेलेला आवाज पुढे परतवते. डाव्या-उजव्या हाताला अमृततुल्य असावे. चहा हातात घेतलेला माणूस तो संपेपर्यंत कुठे जात नाही, आणि इतका बांधलेला श्रोता नाट्यगृहातही मिळत नाही. पुण्यात गुडलक चौकातला कलाकार कट्टा हा उघडच पहिला पर्याय, पण तिथे आधीच कुणीतरी कलाकार असतो. मुंबईत मरीन ड्राइव्ह दिसायला सुंदर. मात्र तिथे कठड्यावरची मंडळी समुद्राकडे तोंड करून बसतात आणि बँडच्या वाट्याला ओळीने पाठी येतात. हा अपमान मानू नये, ती आसनव्यवस्था आहे. रेल्वेच्या पुलाखाली आवाज घुमतो छान, पण तिथल्या श्रोत्याला लोकल पकडायची असते.

लोकल पकडणाऱ्यांपुढे काय होते, याचा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. १२ जानेवारी २००७ रोजी जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साधी टोपी घालून वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात सकाळच्या गर्दीत वाजवत उभा राहिला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने हा प्रयोग घडवून आणला होता. हातात १७१३ सालचे स्ट्रॅडिव्हेरियस, पहिलीच रचना बाखची. ४३ मिनिटांत १,०९७ माणसे समोरून गेली. त्यांतली सात थांबली. एका ओळखणाऱ्या बाईने दिलेले वीस डॉलर सोडले तर जमा झाले ३२ डॉलर १७ सेंट. हौशी बँडमध्ये हा किस्सा मुखोद्गत असतो, आणि त्यातून पुढील अनुमान काढले जाते : जोशुआ बेलपुढे कुणी थांबले नाही, आपल्यापुढेही कुणी थांबत नाही, तस्मात्... हे अनुमान तर्कशास्त्रात टिकत नाही, पण रिकामी पेटी घेऊन परतताना त्याचा फार आधार वाटतो.

कायद्याची बाजू प्रत्येक सभासदाने वाचावी, कारण ती सगळ्यांत करमणुकीची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते, उघड्यावर तो रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवावा लागतो, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान शंभर मीटरचे शांतता क्षेत्र असू शकते. पुण्याच्या पेठांच्या नकाशावर कंपासने ही वर्तुळे काढत गेल्यास शेवटी नदीपात्र तेवढे उरते, आणि गणपतीच्या आधी तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. ढोलांपुढे युकुलेले घेऊन उभे राहण्याचे धाडस कुणी केल्यास त्याचे चित्र काढून ठेवावे. आवाज नोंदवता येणार नाही.

दुसरा कायदा अधिक मर्मभेदी आहे. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमात भीक मागण्याची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा कोणत्याही मिषाने सार्वजनिक जागी दान घेणे तिच्यातच धरले आहे. म्हणजे पेटी बंद असेल तोवर सभासद कलावंत, आणि उघडली की व्याख्येत बसले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातली बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती.

प्रत्यक्षात कायदा हवालदाराच्या रूपाने येतो, आणि तो अंतऱ्यात येतो. त्याच्याशी व्यवहार पुढीलप्रमाणे होतो.

“काय रे पोरांनो, परवानगी आहे का?”

“साहेब, शेवटचंच गाणं.”

“शेवटचं म्हणजे?”

“हे झालं की आवरतो, साहेब.”

हवालदार इकडे-तिकडे बघतो, हेल्मेट मोटारसायकलच्या आरशावर अडकवतो. “किशोरकुमारचं येतं का एखादं?” येत असो वा नसो, येते म्हणावे. गाणे संपेपर्यंत तो पाय हलवत उभा राहतो, मग “चला, आवरा आता” म्हणतो आणि निघतो. त्यानंतर शेवटची गाणी आणखी पाच-सहा होतात.

त्याच संध्याकाळी, त्याच पदपथावर, पलीकडच्या टोकाला एकतारी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला परवानगी विचारली जात नाही. त्याला नुसते “ऊठ” म्हणतात. दोघांना कलम एकच लागू असते. फरक टी-शर्टमध्ये आणि बुटांमध्ये आहे, आणि याची नोंद हौशी बँडने घ्यावी, कारण रस्त्यावरच्या कलेत तोच नवशिका आहे. नंदीबैलवाले, पोतराज, डोंबारी, गोंधळी ही मंडळी या धंद्यात पिढ्यान्पिढ्या मुरलेली आहेत. वासुदेवाने तर श्रोता थांबत नाही हा प्रश्न कधीच निकालात काढला : श्रोता येत नसेल तर पहाटे आपणच त्याच्या दारात जावे, टाळ-चिपळ्यांनी त्याला उठवावे, आणि दान मिळताच ते पावल्याचे सगळ्या आळीला ऐकवावे. जागा, वेळ आणि पोच, तिन्ही एका मोरपिशी टोपीत. बँडला याच्या पासंगाला पुरेल असे काही सुचलेले नाही.

पोच देण्याचे काम हल्ली यंत्राने उचलले आहे, ते असे. रिकाम्या पेटीत कुणी पैसे टाकत नाही, म्हणून सभासदांनी आपल्याच खिशातल्या शंभराच्या एक-दोन आणि दहाच्या पाच-सहा नोटा आधी टाकून ठेवाव्यात. पाचशेची टाकू नये. लोक बँडला श्रीमंत समजतात आणि सभासद गाण्यापेक्षा तिच्याकडेच बघतात. वाऱ्याला नोटांवर गिटारचा कापो ठेवावा. यूपीआय २०१६ साली आले तेव्हापासून पेटीच्या झाकणावर क्यूआर चिकटवणेही ओघाने आले. त्याला साउंडबॉक्स जोडू नये, असे इथे आग्रहाने सांगावेसे वाटते. गाणारीने डोळे मिटून विरहगीताची दुसरी ओळ हळुवार उचललेली असते, काहोनवाला थांबलेला असतो, चहाचे पेलेसुद्धा खाली ठेवलेले असतात, आणि झाकणातून खणखणीत आवाज येतो : “एक रुपया प्राप्त झाला.” मग ज्या मुलाने वडिलांच्या फोनवरून तो पाठवलेला असतो, त्याला ही गंमत आवडते. गाणे संपेपर्यंत आणखी चार रुपये प्राप्त होतात.

श्रोत्यांबद्दल थोडक्यात. एक काकू शिक्षण विचारतात, आणि उत्तर इंजिनिअर असे आले की हळहळतात. शास्त्रीय शिकलेले एक गृहस्थ निषाद कुठे लागला नाही ते सांगतात. त्यांचे खरे असते. नाचणाऱ्या दारुड्याला हटवू नये. त्याला बघायला जितकी माणसे थांबतात तितकी बँडला बघायला थांबत नाहीत, आणि तो वाटा मागत नाही.

हिशेब रात्री वडापावच्या गाडीवर होतो. जमेतून आधी टाकलेल्या नोटा, पेट्रोल, पार्किंग आणि तुटलेली तार वजा केली की उरलेल्या रकमेत वडापाव बसतात. कटिंग ज्याचे त्याने पाजायचे असते. क्यूआर ज्याच्या खात्याला जोडलेला आहे तो सभासद या वेळी फोनला रेंज नसल्याचे सांगतो. त्यावरून जे बोलणे होते, ते पहिल्या भांडणापेक्षा मोठे असते.

विसर्जनाला विधी नाही. एकाची बदली बेंगळुरूला होते, एकाला मुलगी होते, गाणारीला खरोखरच चांगला बँड मिळतो. गिटार पलंगाखाली जाते. काहोन टिकाऊ; त्यावर कुंडी ठेवता येते, वर्तमानपत्रांची रद्दीही. मात्र त्याआधीच्या एखाद्या शनिवारी असा बँड चौकात दिसला, तर वाचकाने चहा घेऊन निदान दोन गाणी थांबावे आणि काहीतरी टाकावे. आणि जाताना पलीकडच्या एकतारीवाल्यासाठी खिशात सुटे ठेवावेत. त्याच्याकडे क्यूआर नसतो.