मी काही सांगत नाही

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत त्यांना सगळे 'एसीपी' म्हणतात. पोलिसांशी त्यांचा संबंध आला असेल तर पासपोर्टच्या चौकशीपुरता. आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले. कुणी मेलं की 'खरंच मेला का, आणि मेला तर आत्ताच का?' असं विचारायचा त्यांना पगार मिळायचा. आता पगार थांबलाय, विचारणं सुरू आहे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की 'सीआयडी'तल्या एसीपी शिवाजी साटमांसारखी बोटं हवेत फिरवत ते म्हणतात, "काय पाहताय सध्या?"

"काही विशेष नाही" हे उत्तर द्यायचं नसतं. नवीन भाडेकरू देतात. चौथ्या मजल्यापर्यंत त्यांच्या हातात पुढच्या दोन महिन्यांचे खून आलेले असतात.

सुचवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. माणूस बघून मयत काढतात. नवीन लग्न झालेल्यांना 'कहानी'. गोव्याला निघालेल्यांना 'दृश्यम'. त्यातही मल्याळममधला २०१३ चा मोहनलालचा आधी आणि निशिकांत कामतांचा हिंदी नंतर, हा क्रम चुकवलात तर एसीपी मनातून तुम्हाला काढून टाकतात. पाय मोडून घरी बसलेल्याला 'फोर्ब्रिडेल्सेन' ही डॅनिश मालिका. पहिल्या पर्वात एकच खून, वीस भाग, आणि एका भागात तपासाचा एक दिवस. "प्लास्टर निघेपर्यंत खुनी सापडतो," असा त्यांचा हिशेब. "पण काका, डॅनिश कुठं कळतं?" यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे : "खून कळतो ना? मग झालं."

मोबाईलवर ते ॲपच आपोआप सुचवतं की, असं एकदा तळमजल्यावरचा मुलगा म्हणाला. एसीपींनी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं. "ते यंत्र तुला आवडतं तेच पुन्हा पुढ्यात टाकतं. मी तुला न आवडणारं सांगतो आणि आवडेपर्यंत सोडत नाही." हे मात्र शब्दशः खरं आहे. बँकेचे वसुलीवाले बरे, ते रविवारी तरी येत नाहीत. "कुठवर आलात?" हा प्रश्न एसीपी वाण्याच्या दुकानात विचारतात, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर वाद चालू असताना चिठ्ठी पाठवून विचारतात. तेराव्याच्या जेवणात, श्रीखंड वाढायला वाकून, त्यांनी मला हा प्रश्न विचारलेला आहे.

आणि मग ते वाक्य येतं. "मी काही सांगत नाही." ते ऐकल्याबरोबर शहाण्या माणसानं कानावर हात ठेवावेत. "मी काही सांगत नाही, पण त्या पोस्टमनबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर काढून घेऊ नका." बिचाऱ्या पोस्टमनचा तोवर आपल्याला पत्ताही नसतो. पहिल्या भागात तो सायकलवरून नुसता जातो आणि आपण त्याच्याकडे जन्माच्या संशयानं बघत बसतो. कधी कधी ते शब्दही वापरत नाहीत. आपण एखाद्या पात्राचं नाव घ्यावं, त्यांनी खिडकीबाहेर बघत चष्मा पुसायला घ्यावा. झालं, फुटलं.

गंमत म्हणजे रहस्य राखण्यावर त्यांच्याइतकं तळमळून कुणी बोलत नाही. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' १९५२ मध्ये सुरू झालं, ते कोविडचा खंड वगळता अजून चालूच आहे आणि प्रयोग संपल्यावर शेवट बाहेर फोडू नका अशी प्रेक्षकांना विनंती करतात, हे सांगताना त्यांचा कंठ दाटतो. "याला म्हणतात संस्कृती! इतक्या वर्षांत इतके लोक बघून गेले, पण कुणी बोललं का, की त्या शेवटी तो..." तेवढ्यात लिफ्टचं दार लागलं, म्हणून ब्रिटिश रंगभूमीची लाज राहिली.

हे सगळं कुठून आलं, याचा तपास मी केला आहे. लहानपणी त्यांच्या गल्लीतल्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या कथांवर पोरांच्या उड्या पडत. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत तिसऱ्याच पानावर पेन्सिलीनं 'खुनी मुनीम आहे' अशा नोंदी सापडत. ग्रंथपालांनी जंग जंग पछाडलं, पण गुन्हेगार हाती लागला नाही. एसीपींचं अक्षर तुम्ही सोसायटीच्या हिशेबवहीत पाहिलं असेल. मी काही सांगत नाही.

त्यांना हतबल केलं ते एकट्या 'कोलंबो'नं. पीटर फॉकच्या त्या जुन्या अमेरिकन मालिकेत खून कुणी केला हे सुरुवातीलाच दाखवून टाकतात. पुढं चुरगळलेला रेनकोट घातलेला तो लेफ्टनंट खुन्याला कसा घोळात घेतो एवढंच बघायचं. एसीपींना मालिका बेहद्द आवडली आणि सुचवावीशी वाटेना. "उत्तम आहे हो, पण तिच्यात सांगू नये असं काही नाहीच."

दुसऱ्या एका मालिकेपाशी मात्र त्यांची बोटं हवेत फिरत नाहीत. १९७० च्या दशकात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये झालेले बायका-मुलींचे खून आणि रमाकांत कुलकर्णींनी केलेला तपास, त्यावरची 'मानवत मर्डर्स' २०२४ मध्ये आली. आशुतोष गोवारीकर त्यात कुलकर्णी झाले आहेत. ती सुचवताना एसीपी एवढंच म्हणाले, "बघा. पण जेवताना नको." नंतर 'कुठवर आलात' असंही विचारलं नाही.

एसीपींच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे वहिनींचं, शास्त्र वेगळं. त्या मेथी निवडत अधूनमधून टीव्हीकडे बघतात आणि दुसऱ्या भागालाच बोट दाखवतात. "हा." कशावरून? "एवढा नावाजलेला नट काय नुसता चहा आणून द्यायला घेतलाय?" देशोदेशीच्या लेखकांनी रचलेले चक्रव्यूह या एका वाक्यानं कोसळले आहेत. डॅनिश मालिकेतून वहिनींनी एकच गोष्ट घेतली : सारा लुंड या इन्स्पेक्टरीणबाईंच्या स्वेटरची वीण. तसाच स्वेटर विणून नवऱ्याला दिला. डोंबिवलीत तो घालणार कधी? तर 'द ब्रिज' लावलं की घालतात, एसी सोळावर ठेवून.

'द ब्रिज' हे त्यांचं दैवत. डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणाऱ्या पुलावर, बरोबर सरहद्दीच्या रेघेवर प्रेत सापडतं. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. दोन्ही देशांचे पोलीस येतात. "आपल्याकडं वाशीच्या पुलावर सापडलं असतं ना," एसीपी सांगतात, "तर मुंबईवाले म्हणाले असते नवी मुंबईची केस, नवी मुंबईवाले म्हणाले असते तुमची. आणि भरती आल्यावर दोघंही सुटले असते."

आपण शेवटच्या भागापर्यंत आलो की ते स्वतःच घरी येतात. चिवड्याची पुडी घेऊन. खुर्ची ओढतात आणि टीव्हीकडं नव्हे, आपल्याकडं तोंड करून बसतात. पडद्यावर काय होणार ते त्यांना पाठ असतं. ते आपला चेहरा बघायला आलेले असतात. खरा खुनी समोर आला आणि आपल्या तोंडून "अरेच्चा!" निघालं की त्यांचे डोळे असे लकाकतात, जणू त्यांनाही आत्ताच कळलं. 'अंधाधुन' मी पाहिलेला नाही हे ऐकून ते "नशीबवान आहात" असं म्हणाले होते, त्यात कुचेष्टा नव्हती. तो पहिल्यांदा बघणं त्यांच्या वाट्याला आता येणार नाही. आमच्या तोंडून येईल तेवढंच. वहिनी तर पहिल्यापासून ओळखून बसलेल्या, त्यांच्या चेहऱ्यावर काही मिळत नाही.

गेल्या महिन्यात एसीपींची दाढ दुखली. दंतवैद्यांच्या खुर्चीत तोंडात कापूस कोंबलेला असतानाही त्यांनी परेश मोकाशींचा 'वाळवी' सुचवला. शेवटही सांगितला असणार, पण कापसामुळं डॉक्टरांना नुसतं नाव कळलं. डॉक्टरांनी तो त्याच रात्री पाहिला आणि ते वेडेच झाले. पुढच्या आठवड्यात रूट कॅनलला एसीपी आडवे झाले, जबडा उघडा, नळी आत, आणि डॉक्टर म्हणाले, "काका, आता माझ्याकडून एक घ्या. 'किष्किंधा कांडम', मल्याळम, २०२४ चा. पाहिलाय?"

एसीपींनी तो मुद्दाम दिवाळीसाठी राखून ठेवला होता. त्यांनी जोरजोरात हात हलवले.

"नाही ना? मी काही सांगत नाही," डॉक्टर ड्रिल उचलत म्हणाले, "पण तो रिटायर्ड मिलिटरीवाला म्हातारा आहे ना, त्याचं पिस्तूल हरवतं बघा, तर ते..."

"आँ! आँऽऽ!"

"दुखतंय? थांबा, अजून एक इंजेक्शन देतो," डॉक्टर म्हणाले. ते लागू पडेपर्यंत त्यांच्याकडे चांगला वेळ होता.