कुत्र्यांचा ग्रुप : रचना, निर्वाह आणि उधारी

भटक्या कुत्र्यांसाठी धावणारी एखादी तरी स्वयंसेवी मंडळी पुण्याच्या बहुतेक उपनगरांत असतातच. कागदोपत्री संस्थेचं नाव काहीही असो, वस्ती त्यांना 'कुत्र्यांचा ग्रुप' म्हणूनच ओळखते. ग्रुपवर शे-दोनशे माणसं असतात आणि काम तिघं करतात. एकाकडे चारचाकी असते, एकाकडे वेळ असतो आणि एकीला कुत्रं धरता येतं. या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत एकवटल्या की संस्था एका माणसाची होते, आणि अशा संस्थाही बऱ्याच आहेत. कार्यालय नसतं. कुणाच्या तरी पार्किंगचा कोपरा, गच्चीवरची पत्र्याची खोली किंवा गावाबाहेर भाड्याने घेतलेले दोन-तीन गुंठे एवढ्यावर भागवलं जातं.

परंपरा मात्र मोठी आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव महाराज हे या क्षेत्राचे मूळपुरुष मानायला हरकत नाही. आजचे कार्यकर्ते तुपाऐवजी जंताची गोळी लपवलेला पाव घेऊन धावतात. कुत्रं पाव खातं आणि गोळी स्वच्छ चाटून बाजूला ठेवतं. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात, पण त्यांना कुठल्या सोसायटीने अजून नोटीस काढलेली नाही. १८३२ साली मुंबईत ब्रिटिशांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडला आणि गोष्ट दंगलीपर्यंत गेली. त्यानंतर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला, २००१ मध्ये नसबंदीचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. हे सगळं ग्रुपमधल्या एखाद्या काकूंना तोंडपाठ असतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत त्या उठून उभ्या राहिल्या की अध्यक्ष आधी चहा मागवतात.

कामाची सुरुवात फोनने होते. ''तुमचं एक कुत्रं आमच्या गेटसमोर पडलंय.'' ते ग्रुपचं कधी झालं, हा प्रश्न विचारायचा नसतो. ''आम्ही येईपर्यंत जरा थांबाल का?'' असं म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं : ''नाही हो, मी निघालोय. लोकेशन टाकतो.'' मग लोकेशन येतं, ते फोन करणाऱ्याच्या ऑफिसचं. तासाभराच्या शोधानंतर जागा सापडते आणि कुत्रं उठून समोरच्या टपरीखाली गेलेलं असतं. मोडक्या पायाचं कुत्रं तीन पायांवर दोन धडधाकट पदवीधरांना सहज मागे टाकतं. पकडण्याची साधनं म्हणजे जुनी चादर, दोरी, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणि टपरीवाल्याचा सल्ला. यांपैकी सल्ला कधीच कमी पडत नाही.

पावसाळा हा कसोटीचा काळ. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात आणि त्या मांस पोखरत आत शिरतात. कुत्र्याला पायावरची जखम चाटता येते, पण कानामागची किंवा मानेवरची नाही, म्हणून तिथल्या जखमा सगळ्यात वाईट. अशा वेळी एक जण कुत्र्याचं तोंड बँडेजच्या पट्टीने बांधून धरून ठेवतो, दुसरी चिमट्याने एकेक अळी काढून वाटीत टाकते आणि तिसरा मोबाइलची टॉर्च जखमेवर धरून स्वतः भलतीकडे बघत उभा असतो. हा तिसरा बहुधा नवा असतो. तो पुढच्या रविवारी परत आला, तर तो ग्रुपचा झाला असं समजतात. न येणाऱ्यांबद्दल कुणी वाईट बोलत नाही, कारण त्यांच्यापैकी अनेक जण नंतर निमूटपणे पैसे पाठवतात.

चावे बसतातच. नेहमीच्या कार्यकर्त्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली असते. तरीही दात लागला की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं आणि डॉक्टरांनी सांगितलेले पुढचे डोस घेणं यात कुणी हयगय करत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्यामुळे एवढ्या एका विषयावर ग्रुपमध्ये विनोद फॉरवर्ड होत नाहीत.

आता मदतीचा विषय. या संस्था ज्या मदतीवर चालतात आणि त्यांना जी मदत मिळते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळीनंतर उरलेल्या शंकरपाळ्यांचे आणि मऊ पडलेल्या चकल्यांचे डबे येतात. वाढदिवसाला क्रीमचा केक येतो, त्याच्यावर 'हॅपी बर्थडे आर्यन' लिहिलेलं असतं आणि आर्यनचा भाग कापून घेतलेला असतो. बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतं, हे हसतमुखाने सांगण्यात निम्मी संध्याकाळ जाते. कुणी जरीकाठाच्या साड्या आणून देतं, कुणी आईच्या वेळचं ट्रेडमिल. खरी गरज असते ती रद्दीची. सहा-सात पिल्लं एका दिवसात इतकी वर्तमानपत्रं भिजवतात की संपादकांना कळलं तर वाईट वाटेल. त्याखालोखाल जुन्या चादरी, गोणपाट, कापूस, तांदळाची कणी आणि चिकनवाल्याकडचे पाय-मुंड्या. कणीत हळद टाकून, मीठ-कांदा न घालता हे सगळं मोठ्या पातेल्यात शिजतं, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला त्या दिवशीचा मेनू कळतो.

पैशांचा व्यवहार मुख्यतः उधारीवर चालतो. पशुवैद्यांकडे ग्रुपच्या नावाने एक वही असते. डॉक्टर सवलत देतात, पण मोडलेल्या हाडात घालायची सळई आणि पार्व्हो झालेल्या पिल्लाचं सलाइन कंपनी त्यांना सवलतीत देत नाही. वहीतला आकडा वाढला की ग्रुपवर क्यूआर कोड पडतो. त्यावर पहिल्या मिनिटात बारा जण हात जोडतात, आठ जण रडका चेहरा टाकतात आणि एक काका विचारतात, ''८०जी आहे का?'' प्राप्तिकरातली ही सवलत मिळायची तर संस्थेला नोंदणी, लेखापरीक्षण आणि वेगळी मान्यता लागते. हे करायला वेळ असलेला माणूस त्या क्षणी टपरीखाली आडवा पडून कुत्र्याला बिस्किट दाखवत असतो. दरमहा न सांगता दोनशे रुपये टाकणारी काही माणसंही असतात. ती ग्रुपवर एक शब्द बोलत नाहीत. औषधाच्या दुकानाची उधारी मात्र त्यांच्याच जिवावर असते, आणि त्यांच्यापुढे वर्षातून एकदा मोठा चेक देऊन सोबत फोटो काढणारे फिके पडतात.

याहून अवघड मदत म्हणजे तात्पुरता आसरा. ''फक्त दोन दिवस'' या अटीवर पिल्लू घरी नेलं जातं. दुसऱ्या दिवशी आजोबा त्याला 'काय रे सोन्या' म्हणू लागतात आणि आठवड्याने घरच्यांचं फोन उचलणं बंद होतं. ग्रुपच्या दृष्टीने एक पिल्लू मार्गी लागलं आणि एक आसऱ्याची जागा गेली.

दत्तक देण्याची पद्धत थेट लग्न जुळवण्यासारखी असते. स्थळाला रंग गोरा हवा असतो, केस लांब हवे असतात आणि ''मुलगाच द्या'' हा आग्रह असतो. काळी मादी सगळ्यांत शेवटी जाते, मग ती स्वभावाने कितीही गुणी असो. त्यामुळे जाहिरातीत 'शेफर्डसारखे कान' असं लिहिलं जातं. ते अगदी खोटं नसतं, कान दोन असतात. ग्रुपकडूनही उलटतपासणी होते. घर स्वतःचं की भाड्याचं? बाल्कनीला जाळी आहे का? गावाला गेल्यावर कोण बघणार? ''सोसायटी परवानगी देणार नाही'' असं कुणी म्हटलं, की काकू भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत पाठवतात. त्यानुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. एवढं होऊनही मे महिन्यात हौसेने विकत घेतलेला एखादा हस्की पुण्याच्या उन्हात सोडून दिलेला सापडतोच.

बाकीची कुत्री नसबंदी आणि रेबीजची लस होऊन आपापल्या गल्लीत परत जातात. ओळख पटावी म्हणून कानाला खाच असते. ''नेलं होतं ना, मग परत कशाला आणलं?'' हा प्रश्न गाडीचं दार उघडायच्या आत येतो. कारण साधं आहे. जागा मोकळी झाली की खाच नसलेली नवी कुत्री येऊन बसतात. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीची जिथून उचलली तिथेच सोडायला सांगितलं आणि खायला घालण्यासाठी ठरावीक जागा आखायला सांगितल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतली कुत्री परत तिथे सोडू नयेत असा आदेश आला. काकूंनी दोन्ही आदेशांच्या प्रती वेगवेगळ्या रंगांच्या फाइलींत लावल्या आहेत.

असे ग्रुप सहसा बंद पडत नाहीत, विरत जातात. एकाची बदली होते, एकीचं लग्न होतं, एकाची कंबर धरते. पण नंबर तोवर टपऱ्यांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि दवाखान्याच्या भिंतीवर गेलेला असतो. तो बंद केला तरी मोबाइल कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला देऊन टाकते. नवा धनी पहिले दोन महिने ''राँग नंबर'' म्हणतो. तिसऱ्या महिन्यात तो ''लोकेशन टाका'' म्हणतो.